कोंडेवाही सेंटरचा पहिला पेपर

“दुर्गे, लाल आलं! लाल!”

दाराआडून येलमुले मॅडमचा आवाज असा आला, की टेबलावर साप निघाला असं वाटावं. मी व्हरांड्यात, बंद दाराला कान लावून उभा होतो. मोबाइलमध्ये दहा वाजून तीन मिनिटं झाली होती.

“मॅडम, घाबरू नका. काय लिहून आलं ते वाचा.”

“कोड चुकीचा. प्रयत्न राहिले चार. अरे, मी एकेक आकड्यावर बोट ठेवून टाकला!”

“एखादा आकडा इकडेतिकडे झाला असेल. नवा कोड येऊ द्या, परत टाका.”

“इकडेतिकडे काहून होईल? मी काय आंधळी आहे?”

येलमुले मॅडम मराठी शिकवायच्या. वय छप्पन्न, आवाज असा की चौथ्या खोलीत शिकवलेलं पहिल्या खोलीतल्या पोरांना पाठ व्हायचं. फायरवॉल नावाच्या यंत्राशी त्यांचं नातं जेमतेम आठ दिवसांचं होतं. आणि ज्याचं तीन वर्षांचं होतं, तो मी, प्रफुल दुर्गे, कोंडेवाहीच्या कॉलेजचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला, दाराबाहेर उभा होतो. कारण अगदी सरळ होतं. माझी बायको प्रणाली त्या दिवशी बी.ए. फायनलच्या परीक्षेला बसली होती. घरचं माणूस परीक्षेला असेल तर पेपर उघडतात त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हा विद्यापीठाचा नियम. तसं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं.

आता ही गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेपर पूर्वी पोत्यातून यायचे, सील लावून. मग विद्यापीठानं ते इंटरनेटवरून पाठवायला सुरुवात केली. सकाळी दहा ते साडेदहा एवढ्यातच पेपर उतरवून घ्यायचा, झेरॉक्स काढायच्या आणि अकराला वाटायचा. वाटेत कोणी पाहू नये म्हणून विद्यापीठापासून आपल्या कॉलेजपर्यंत एक बंद वाट करावी लागते, तिला व्हीपीएन म्हणतात. मी बोगदा म्हणायचो. त्या बोगद्याचं आपल्याकडचं तोंड फायरवॉलमध्ये असतं. फायरवॉल म्हणजे कॉलेजच्या इंटरनेटच्या दारावर बसवलेला डबा. आत कोणाला सोडायचं, कोणाला नाही, हे तो ठरवतो. आणि त्याला काय ठरवायचं ते मी शिकवायचो.

तीन आठवडे मी त्या बोगद्यासाठी जागलो नव्हतो, पण दिवसभर दुसरं काही केलंही नव्हतं. फायरवॉलमधलं ॲडव्हान्स्ड नावाचं पान उघडलं की आजही माझ्या अंगात वारं येतं. तिथे एकेक खूण बरोबर बसवावी लागते. दोन्हीकडचे डबे आधी एकमेकांची ओळख पटवतात, मग कुलूप कोणतं वापरायचं ते ठरवतात, किती वेळानं किल्ली बदलायची ते ठरवतात. एक खूण चुकली की समोरचा तुम्हाला ओळखही देत नाही. मी सगळं बसवलं. वर आणखी शहाणपणा केला. परीक्षेच्या यंत्रावरून बोगदा सोडून दुसरीकडे जाणारी प्रत्येक वाट बंद करून टाकली. मुंगी शिरणार नाही असं काम केलं, असं मी प्राचार्यांना छाती फुगवून सांगितलं होतं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर सेंटरसाठी. आमच्या कॉलेजला परीक्षेचं सेंटर कधीच नव्हतं. पेपरला अहेरीला जावं लागे, अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. सकाळची एसटी आली तर आली. प्रणालीनं गेल्या वर्षी फॉर्म भरला होता. सातवा महिना होता. पहिल्या पेपरच्या दिवशी एसटी आलीच नाही, दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं जाऊ दिलं नाही. हॉल तिकीट घरातल्या आरशामागे तसंच राहिलं. प्राचार्य बोरकुटे सरांनी सहा वर्षं अर्ज करकरून यंदा सेंटर आणलं, तेही एका वर्षाच्या बोलीवर. पहिल्याच दिवशी पेपर उतरला नाही तर पोरांना उरलेल्या पेपरसाठी अहेरी, आणि कोंडेवाहीच्या सेंटरला कायमचा रामराम. पत्रात तसं साफ लिहिलं होतं.

“दुर्गे! परत लाल! तीन राहिले!”

दोनदा चूक मॅडम करणार नाहीत. त्या उत्तरपत्रिकेत अर्ध्या गुणाची बेरीज तीनदा करणाऱ्या बाई होत्या. म्हणजे चूक यंत्राची, म्हणजे माझी.

“मॅडम, बोगद्याचा दिवा कोणता आहे?”

“हिरवा.”

“नक्की?”

“अरे हिरवा म्हणजे हिरवा! पोपटी नाही, शेवाळी नाही, हिरवा!”

बोगदा चालू, मग कोड का नाकारतोय? कोड म्हणजे सहा आकडे, फायरवॉलच्याच पानावर दिसायचे आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलायचे. ते पाहून परीक्षेच्या खिडकीत टाकायचे. तालमीच्या दिवशी विद्यापीठानं साधा पासवर्ड दिला होता, तो बिनबोभाट चालला. कोडची भानगड खऱ्या पेपरलाच पहिल्यांदा होती.

बोरकुटे सर आतून खिडकीशी आले. खिडकीच्या काचा अर्ध्याहून वरपर्यंत रंगवलेल्या होत्या, त्यामुळे मला फक्त त्यांची टोपी हलताना दिसली.

“प्रफुल, काय करून राहिला बापा? दहा वाजून नऊ मिनिटं झाली.”

“सर, मॅडमला ॲडव्हान्स्डवर जायला सांगा.”

“मी इथेच आहे, बहिरी नाही,” मॅडम म्हणाल्या. “गेले. बाई गं, केवढं मोठं पान आहे! सांग.”

आणि मी सांगत गेलो. डोळे मिटले तरी ते पान मला दिसत होतं. “तिसरी ओळ, मॅडम. तिथे दोनशे छप्पन्न आहे?” “आहे.” “खाली गट चौदा?” “आहे.” “त्याखाली अठ्ठावीस हजार आठशे?” “आहे रे, सगळं आहे, तू सांगितलं तसं.” मला ते सगळं बरोबर असल्याचा इतका राग आला की काय सांगू! काहीतरी चुकलेलं सापडलं असतं तर मी आनंदानं नाचलो असतो. शेवटी मी म्हणालो, “मॅडम, चौथी खूण काढून टाका आणि सेव्ह करा.”

“काढली. दुर्गे, हिरवा गेला.”

“काय?”

“दिवा विझला! बोगदा बुजला तुझा!”

नको तिथे बोट घातलं होतं मी. “परत लावा, परत लावा ती खूण!” एवढं ओरडलो की समोरच्या वर्गांत बसलेली पोरं खिडकीतून माना काढून बघायला लागली. मॅडमनी खूण लावली. मी दाराला कपाळ टेकवून मनातल्या मनात आकडे मोजत राहिलो. अडतिसाव्या आकड्याला आतून आवाज आला, “आला. हिरवा आला. आता मला काही उलटंसुलटं सांगशील तर याद राख.”

“तिसऱ्यांदा टाकून बघा, मॅडम.”

लाल. राहिले दोन.

मी विद्यापीठाच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, अगदी थंड आवाजाची. तिनं सेंटर नंबर विचारला, खटखट काहीतरी दाबलं आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे सगळं बरोबर आहे. बाकी सगळ्या सेंटरचे पेपर उतरलेत. तुमचाच कोड चुकीचा येतोय. अजून दोनदा चुकला तर सेंटर आजच्यापुरतं लॉक होईल. मग आम्हाला वर कळवावं लागतं.”

“मॅडम, इथे एकशे एकतीस पोरं बसली आहेत हो!”

“मला समजतंय, सर,” ती म्हणाली. तिच्या हातात काही नव्हतं.

तेवढ्यात कडी वाजली. दार हातभर उघडलं आणि बोरकुटे सरांचा चेहरा दिसला. उन्हाळ्याचे दिवस, कूलर बंद, सरांच्या टोपीखालून घामाच्या धारा चालल्या होत्या. इतक्या वर्षांत मी सरांचा आवाज कापताना ऐकला नव्हता.

“ये आत,” ते हळू म्हणाले. “दोन मिनिटं ये आणि नीट कर. पेपर उघडायच्या आधी बाहेर जा. मी काही पाहिलं नाही.”

“सर!” आतून येलमुले मॅडम म्हणाल्या. पण त्यांनीही अडवलं नाही.

खरं सांगतो, माझा पाय उचलला गेला होता. चप्पल काढली होती मी. डोक्यात एकच, आत जातो, पान बघतो, दोन मिनिटांत दूध का दूध. आणि व्हरांड्याच्या टोकाकडून हाक आली.

“अजी.”

प्रणाली चार नंबरच्या खोलीच्या दारात उभी होती. पेपर सुरू व्हायला वेळ होता, पोरं अजून आतबाहेर करत होती. तिच्या हातात पॅड, दोन पेनं, आणि खांद्यावर पोरीच्या दुधाचा ओला डाग. दहा महिन्यांची पोर माझ्या आईजवळ गेटबाहेरच्या लिंबाखाली होती. प्रणालीनं बहुतेक सगळं ऐकलं होतं.

“आत जाऊन राहिले का?”

“दोनच मिनिटं. नाही गेलो तर सेंटर जाते, प्रणाली. तुझं वर्ष जाते.”

“जाऊ द्या.”

“काय जाऊ द्या? वेड लागलं का?”

“तुम्ही आत गेले, अन् मी पास झाले, तर गाव काय म्हणंल? नवऱ्यानं पेपर दाखवला म्हणंल. मी घरी बसून, पोर मांडीवर घेऊन वाचलेलं सगळं मातीत.” तिचा आवाज चढला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण नजर माझ्यावरून हलली नाही. “अन् माझ्या एकटीचं नाही. या सगळ्या पोरींचे पेपर खोटे ठरतील. बाहेरूनच करा काय करायचं ते. तुम्हाला येते ना?”

तुम्हाला येते ना! मी चप्पल परत पायात घातली. सरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज आला. तेव्हा मला तिचा संतापही आला होता आणि अभिमानही वाटला होता. दोन्हीत जास्त काय होतं ते तेव्हा ठरवायला वेळ नव्हता.

“मॅडम,” मी दाराला तोंड लावून म्हणालो, “आता काही बदलू नका. पानावर जे जे दिसतं ते वरून खाली वाचा. मी डोळे मिटतो. एक अक्षर सोडू नका.”

“वाचते. वर यंत्राचं नाव. मग आपल्या कॉलेजचं नाव. मग दिवा, हिरवा. मग कोड, तो बदलतोय. मग... अरे देवा! दुर्गे! एकच मिनिट राहिलं रे!”

“कशाचं?”

“साडेदहाला! दहा एकोणतीस झाले! आता संपलं सगळं!”

मी मोबाइल बघितला. दहा एकोणीस.

“मॅडम, भिंतीवरचं घड्याळ बघू नका, ते पुढे आहे.”

“मला शिकवतोस? तेवीस वर्षं इथे नोकरी केली. भिंतीवरचं दहा मिनिटं पुढे आहे हे मला माहीत आहे. पण हे तर यंत्र सांगून राहिलं! कोडच्या खाली, बारीक अक्षरात!”

मी तिथल्या तिथे खाली बसलो.

आमच्या कॉलेजात घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. असतात म्हणजे, बोरकुटे सरांनीच ठेवली होती. पोरं एसटीनं येतात, उशीर करतात, म्हणून सर आल्या वर्षापासून भिंतीवरची, ऑफिसातली, घंटेजवळची, सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे. नवा शिपाई आला तरी त्याला पहिल्या दिवशी तेच सांगायचे. सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चार दिवसांपूर्वी विजेचा मोठा झटका बसून फायरवॉल बंद पडला होता. चालू केला तेव्हा त्याचं घड्याळ पार कुठल्या कुठे गेलेलं. इंटरनेटवरून तो आपोआप वेळ लावून घेतो, पण बोगदा सोडून प्रत्येक वाट बंद करणारा शहाणा मीच! ती वाटही बुजवली होती. मग मी काय केलं, तर मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि हातानं वेळ लावली. कॉलेजची वेळ.

आणि कोडचे ते सहा आकडे निघतात वेळेवरून. इथलं घड्याळ आणि विद्यापीठाचं घड्याळ एक असेल तरच दोन्हीकडे तेच आकडे. आमचा डबा इमानदारीनं दहा मिनिटांनंतरचा कोड दाखवत होता, आणि मॅडम इमानदारीनं तो टाकत होत्या.

“सापडलं!” मी उठून दारावर दोन्ही हातांनी धडाधड वाजवलं. “सापडलं मॅडम! सर, सापडलं!”

“दार मोडशील,” आतून सर ओरडले. “काय सापडलं?”

“सर, तुमची दहा मिनिटं!”

येलमुले मॅडम खो खो हसायला लागल्या. त्या वेळी, तसल्या वेळी हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. “सांग, कुठे बदलायचं ते सांग लवकर!”

सिस्टिम, मग टाइम, मग हातानं. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. “दहा बावीस टाका, पण दाबू नका. मी म्हणीन तेव्हा दाबा. थांबा... थांबा... आता!”

“दाबलं. दुर्गे, दिवा गेला.”

“जाऊ द्या. येईल.”

“नक्की?”

“येईल, मॅडम.” खात्री कशाची असणार? पण आता घाबरण्याची माझी पाळी नव्हती. परत आकडे मोजले. चाळीस, पन्नास. साठाला मी मोजणं सोडून दिलं. प्रणाली अजून दारातच उभी होती, पॅड छातीशी धरून. सुपरवायझर तिला आत बसायला सांगत होते, ती ऐकत नव्हती.

“आला!”

दहा चोवीस. “टाका कोड!”

खटखट ऐकू आली आणि पाठोपाठ मॅडमचा असा आवाज, की तो मी कधीच विसरणार नाही. “लाल. अरे, टाकता टाकता बदलला रे तो! शेवटचे दोन आकडे टाकायचे होते आणि बदलला!”

राहिला एक.

आतून सर काहीतरी पुटपुटले. देवाचं नाव असावं. मला दरदरून घाम फुटला होता, पण भीती गेली होती. आता चुकलं कुठे ते कळलं होतं, भूतबित काही नव्हतं.

“मॅडम, बोटं कीबोर्डवरून काढा. हा कोड जाऊ द्या. नवा आला की मोठ्यानं वाचा आणि वाचता वाचताच टाका. आपल्याजवळ अर्धं मिनिट आहे, म्हणजे खूप आहे. तुम्ही वर्गात कविता म्हणता तशा सुरात म्हणा.”

“थट्टा करतोस?”

“नाही, मॅडम. खरंच सांगतो.”

मग दाराआडून येलमुले मॅडमचा खणखणीत आवाज आला. चौथ्या खोलीपर्यंत जाणारा. “सात! शून्य! चार! चार! नऊ! दोन!”

आणि मग काहीच नाही. लिंबावर कावळा ओरडत होता तेवढाच.

“मॅडम?”

मी दार ठोठावलं.

“मॅडम, अहो काय झालं?”

“हिरवं,” त्या म्हणाल्या. “उतरून राहिला, प्रफुल. पेपर उतरून राहिला.”

मी नाचलो. लाज कसली सांगायला? व्हरांड्यात एकटाच नाचलो, आणि चार नंबरच्या खोलीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली, कशासाठी ते त्यांना अर्धवटच कळलं होतं तरी. प्रणालीनं पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन बाकावर बसली. दहा सत्तावीस झाले होते. झेरॉक्स मशीनची घरघर सुरू झाली तसे बोरकुटे सर दार किलकिलं करून म्हणाले, “शाबास. आता निघ इथून. गेटच्या बाहेर. पेपर छापताना तू व्हरांड्यातही नको.” पाठ थोपटायलाही त्यांनी हात बाहेर काढला नाही.

मी गेटबाहेर गेलो, आईच्या मांडीवरून पोर उचलली आणि अकराची घंटा होईपर्यंत तिला सगळी हकीकत सांगितली. ती झोपून गेली.

साडेअकराला शिपाई बोलवायला आला. पेपर वाटून झाले होते, आता मला आत यायला हरकत नव्हती. हजेरी पाठवायची होती आणि ती जात नव्हती. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “मी नाही आता काही दाबणार,” त्या म्हणाल्या. “तूच बघ.”

त्या सकाळी पहिल्यांदा मी त्या खुर्चीत बसलो. हजेरीच्या पानावर सगळं भरलेलं होतं, फक्त गैरहजरांचा रकाना रिकामा, आणि रकाना रिकामा असला की पान पुढे सरकत नव्हतं. मी पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. तीच थंड आवाजाची मुलगी.

“सर, गैरहजर विद्यार्थ्यांचे नंबर टाका, मग पुढे जाईल.”

“कोणी गैरहजर नाही.”

“असं होत नाही, सर. परत मोजून घ्या. प्रत्येक सेंटरला दहावीस असतातच.” पुन्हा खटखट झाली. “आणि तुमच्या गावची मुलं गेल्या वर्षी अहेरीला होती ना? मला दिसतंय इथे. एकशे बारा फॉर्म, गैरहजर अडुसष्ट. त्यातल्या एकोणसाठ मुली.”

मी फोन स्पीकरवर टाकला होता. बोरकुटे सर खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. येलमुले मॅडमनी हजेरीचे कागद पुन्हा पुढ्यात ओढले, प्रत्येक सहीवर बोट ठेवत, खोलीमागून खोली. चार नंबरच्या खोलीच्या कागदावर एका सहीजवळ त्यांचं बोट जरा थांबलं. मग पुढे गेलं. एकशे एकतीसपर्यंत.

“परत मोजले,” मी फोनवर म्हणालो. “एकही नाही.”

पलीकडून आवाज आला तो आधीसारखा थंड नव्हता.

“मग शून्य टाका, सर,” ती म्हणाली. “इतक्या सेंटरांत आज हे पहिलंच आहे. टाका शून्य.”

मी टाकलं.